छोट्या ऑफिसला सर्व्हर हवाय, पण आवाज नको: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: नमस्कार सर, सांगलीत आमचं टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे. मी, माझा धाकटा भाऊ आणि पाच जणांचा स्टाफ, एक मोठी खोली आणि मागे छोटी स्टोअर रूम. टॅली गोल्ड, म्हणजे अनेकांनी एकदम वापरायचं लायसन्स घेतलंय, सगळा डेटा सध्या एका मुलीच्या पीसीवर शेअर करून ठेवलाय, ती सुट्टीवर गेली आणि पीसी चालू करायचा राहिला की सगळ्यांचं काम अडतं. एक डीलर जुना रॅक सर्व्हर देतोय, डेलचा आर७२०, दोन झिऑन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, २८ हजारात. ट्रायलसाठी ऑफिसमध्ये लावला तर चालू होताना कान बसले, नंतर आवाज उतरला पण फोनवर क्लायंटशी बोलताना त्रास होतोच. डीलर म्हणतो सवय होईल. आमचं बजेट सगळं मिळून ६० हजारांपर्यंत आहे. घ्यावा का?

उत्तर: नका घेऊ. डीलर अजून पाच हजार सोडतो म्हणाला तरी नका घेऊ.

मशीन वाईट आहे असं नाही. आर७२० हा २०१२ साली आलेला दणकट सर्व्हर, मोठ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं चालवला आणि बदलला, म्हणून तर आता इतका स्वस्त मिळतोय. पण तो बनवलाय माणसं बसत नाहीत अशा खोलीसाठी. डेटा सेंटरमध्ये रॅकमधल्या, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायच्या मांडणीतल्या, उंचीचे पैसे पडतात त्यामुळे डबा चपटा करायचा, डबा चपटा म्हणून पंखे छोटे, आणि छोट्या पंख्याने तेवढीच हवा ओढायची तर त्याला प्रचंड वेगात फिरावं लागतं. वन-यू, म्हणजे रॅकमधला एकच खण व्यापणाऱ्या सर्व्हरची उंची जेमतेम साडेचार सेंटीमीटर असते, त्यात ४० मिलिमीटरचे पंखे बसतात आणि लोड आला की मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे जातात, तो बारीक किंचाळणारा सूर बंद दारातूनही ऐकू येतो. तुमचा टू-यू, म्हणजे दोन खणांचा आहे, पंखे थोडे मोठे आहेत, पण आहेत सहा. सवय वगैरे होत नाही हो, होतं काय तर खोलीतली सगळी माणसं नकळत मोठ्याने बोलायला लागतात आणि संध्याकाळी डोकं दुखतं, आणि ते सर्व्हरमुळे दुखतंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळी निवड तिच्यावरच उभी आहे. मशीन जेवढे वॅट ओढतं तेवढी सगळी शेवटी उष्णता होते, उष्णता बाहेर काढायला हवा लागते, आणि हवा हलवण्यातूनच आवाज येतो. म्हणजे शांत सर्व्हर शोधायचा तर सुरुवात डेसिबलपासून करू नका, वॅटपासून करा. कमी वीज खाणारं मशीन, त्यात शक्य तितका मोठा आणि हळू फिरणारा पंखा. पंख्याचा वेग निम्मा झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरलं की कानाला जवळपास निम्मं वाटतं, त्यामुळे इथे थोड्याशा फरकाने खूप काही बदलतं.

आणि हाच हिशोब विजेच्या बिलालाही लागतो. एक वॅट वर्षभर चोवीस तास चालला तर पावणेनऊ युनिट होतात, हा आकडा लक्षात ठेवा, कुठलंही कायम चालू राहणारं मशीन घेताना कामाला येतो. दोन झिऑनवाला जुना रॅक सर्व्हर काही काम न करता नुसता बसला तरी शंभर-सव्वाशे वॅट सहज खातो. १२० वॅट धरा, वर्षाला १,०५० युनिट झाले, सगळे आकार धरून युनिटमागे १२ रुपये पडतात असं समजू, तर साडेबारा हजार रुपये. पाच वर्षांत ६३ हजार. म्हणजे २८ हजारांचं मशीन तुमचं सगळं बजेट नंतर नुसत्या बिलात खाऊन टाकणार, आणि उन्हाळ्यात त्याच खोलीतल्या एसीवर त्या १२० वॅटचा भार पडणार तो वेगळाच. त्याच्या जागी १२ वॅटवर बसणारं छोटं मशीन असेल तर पाच वर्षांचे ६,३०० होतात.

मग तुमच्या कामाला खरंच किती ताकद लागते? सात जण टॅली उघडून बसणार, एक्सेलच्या फाइली, पीडीएफ, रिटर्न भरायच्या जेसन फाइली. यात सर्व्हर म्हणून जे मशीन आहे त्याच्या प्रोसेसरला फारसं कामच नसतं, ते बहुतेक वेळ फाइली देतं-घेतं. टॅली स्लो होतं ते प्रोसेसरमुळे क्वचित, बहुतेक वेळा जुनी फिरती हार्ड डिस्क आणि खराब नेटवर्क हीच कारणं असतात. १६ कोअर आणि ६४ जीबी रॅमला तुमच्याकडे करायला काही नाही.

माझ्या मते तुम्ही घ्यावा तो मिनी पीसी, ऑफिसवाल्या लाइनमधला, रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून विकलेला, चालेल. लेनोवो थिंकसेंटर एम७२०क्यू किंवा एम९२०क्यू, डेल ऑप्टिप्लेक्स ३०६० किंवा ७०६० मायक्रो, एचपी एलिटडेस्क ८०० जी४ मिनी, या गटातलं काहीही. कंपन्यांची लीज संपली की हे ढिगाने बाजारात येतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघा नाहीतर तुमच्या ओळखीच्या डीलरला मागवायला सांगा. ही मॉडेल्स मुद्दाम सांगतोय कारण ती इंटेलच्या आठव्या जनरेशनची आहेत, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं. सातव्या जनरेशनचं मशीन तीन हजार स्वस्त मिळेल पण क्लायंटचे पॅन, बँक खाती, डिजिटल सही हे सगळं असलेल्या ऑफिसात अपडेट न येणारी विंडोज ठेवू नये. प्रोसेसरच्या नंबरात शेवटी टी आहे का बघा, म्हणजे आय५-८५००टी असं, त्यात सहा कोअर आहेत आणि डिझाइनच ३५ वॅटचं आहे, म्हणून डबा थंड राहतो आणि पंखा बहुतेक वेळ ऐकूच येत नाही.

विंडोज प्रो असावी, होम नको. प्रोमध्ये एका वेळी वीस कनेक्शनपर्यंत फाइल शेअरिंग चालतं, सात जणांना भरपूर झालं, त्यामुळे विंडोज सर्व्हरचं लायसन्स आणि वर माणशी कॅल, म्हणजे प्रत्येक वापरणाऱ्यामागे वेगळं लायसन्स, हा खर्च आत्ता तुम्हाला नाहीच. रॅम १६ जीबी पुरे. एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, मात्र मशीनबरोबर आलेली जुनी ठेवू नका, नवीन चांगल्या कंपनीची टाका आणि आतल्या अडीच इंची जागेत दुसरी एक बसवून घ्या, रात्रीची पहिली कॉपी तिच्यावर पडेल. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, जाऊन वीज आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावं ही सेटिंग करून घ्या, आणि विंडोजमध्ये स्लीप बंद करा. ही दोन कामं राहतात आणि मग सकाळी येऊन सगळे जण सर्व्हर दिसत नाही म्हणत बसतात.

ट्रायल घेताना दुकानात ऐकून ठरवू नका, बाजाराच्या गोंगाटात सगळंच शांत वाटतं. मशीन ऑफिसात आणा, सकाळी कुणी यायच्या आधी पंखे आणि एसी बंद करून पंधरा-वीस मिनिटं मोठ्या फाइली कॉपी करत ठेवा आणि मग ऐका. मोबाइलवरचं डेसिबल ॲप अचूक नसतं पण एकाच जागेवरून दोन मशीनची तुलना करायला चालतं. कंपनीच्या कागदावरचा आकडा बघणार असाल तर तो कशाचा आहे ते बघा, सर्व्हरवाल्या कंपन्या बऱ्याचदा बेलमध्ये आकडा देतात, ४ बेल म्हणजे ४० डेसिबल, पण ती मशीनमधून निघणारी एकूण ध्वनिशक्ती झाली, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानाशी येणारा दाब वेगळा आणि त्याहून कमी असतो. एकाचा बेल आणि दुसऱ्याचा डेसिबल शेजारी ठेवून निर्णय घेतला तर हमखास चुकीचं मशीन घरी येतं. आणि आकडा आयडलचा, म्हणजे मशीन नुसतं बसलेलं असतानाचा, आहे की लोडचा, म्हणजे जोरात काम करतानाचा, तेही विचारा.

नवीन, वॉरंटीवाला खरा सर्व्हरच हवा असं भावाचं म्हणणं पडलं तर टॉवर घ्या, रॅक नाही. डेल पॉवरएज टी१५०, एचपीईचा प्रोलायंट एमएल३०, लेनोवो थिंकसिस्टम एसटी५० हे त्या वर्गातले. उभा डबा, मोठा पंखा, ऑफिसात ठेवता येतात. ईसीसी मेमरी मिळते, म्हणजे मेमरीत एखादा बिट उलटला तर तो पकडून दुरुस्त होतो, आणि इंजिनिअर घरपोच येतो. पण डिस्क, विंडोज, यूपीएस धरलं की तुमच्या ६० हजारांत ते बसवणं अवघड आहे आणि सात जणांच्या टॅलीसाठी त्याची गरज मला तरी दिसत नाही. माणसं पंधरा-वीस झाली, किंवा सगळ्यांना रिमोट डेस्कटॉपवर एकाच मशीनमध्ये काम करायचं ठरलं, तर नक्की त्याच्याकडे जा.

तुमच्याकडे स्टोअर रूम आहे हे तर फारच उत्तम. नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे सर्व्हर माणसांच्या खोलीत ठेवायचं काहीच कारण नाही. मागच्या खोलीत, जमिनीपासून दोन फूट वर, भिंतीला न चिकटवता ठेवा, दाराच्या वर-खाली हवेला वाट ठेवा. गठ्ठ्यांच्या मध्ये कोंबू नका, जुन्या फाइलींची धूळ पंख्यात जाते. स्विच गिगाबिटचा आणि बिनपंख्याचा घ्या, आठ पोर्टचे तसे सहज मिळतात, आणि टॅली वायफायवर अजिबात चालवू नका, मधेच सिग्नल तुटला की डेटा खराब व्हायचा धोका असतो. जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर तो बदलल्यावरच निम्म्या तक्रारी जातील, त्याच्यातून सेकंदाला अकरा-बारा एमबी जातात, गिगाबिटमधून शंभरच्या वर.

यूपीएस लाइन-इंटरॲक्टिव्ह, म्हणजे वीज गेल्यावरच बॅटरीवर जाणारा, घ्या. ऑनलाइन यूपीएस तांत्रिकदृष्ट्या वरचा, पण त्याचा पंखा बहुतेक मॉडेलमध्ये सतत चालू असतो, म्हणजे शांत सर्व्हर घेऊन शेजारी आवाज विकत घ्यायचा. मिनी पीसी आणि स्विच मिळून पन्नास वॅटही होत नाहीत, ६०० व्हीएचा छोटा यूपीएस त्यांना चांगला वेळ धरून ठेवतो. यूएसबी केबल जोडता येते असाच घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की मशीन स्वतःहून नीट बंद होतं.

उरलेले पैसे बॅकअपला, आणि हे मी कळकळीने सांगतोय. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, एक आठवडा ही, एक आठवडा ती, जी वापरात नाही ती तुमच्या घरी. आत दोन डिस्क मिरर करून ठेवल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही, मिररमुळे एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं एवढंच, चुकून डिलीट झालेलं किंवा रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, लॉक केलेलं दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी पोचतं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस आला तेव्हा दोन-चार दिवसांत जगभर दोन लाखांवर कॉम्प्युटर लॉक झाले, आणि ज्यांच्याकडे मशीनला न जोडलेली कॉपी होती ते दुसऱ्या दिवशी कामाला लागले. विंडोजसाठी वीम कंपनीचा एजंट नावाचा फुकट बॅकअप प्रोग्राम आहे, त्यात बॅकअप संपला की एक्स्टर्नल डिस्क आपोआप इजेक्ट करायची सोय आहे, ती चालू करा. आणि दर महिन्याला एका कंपनीचा डेटा बॅकअपमधून काढून टॅलीत उघडून बघा. उघडला तरच तो बॅकअप.

प्रश्न: सोलापुरात आमची छोटी पतसंस्था आहे, मी तिथे क्लार्क आहे. आमच्याकडे सहा-सात वर्षं जुना टॉवर सर्व्हर आहे, आधी शांत होता, या उन्हाळ्यापासून खूप घुमतो. काउंटरच्या मागेच आहे म्हणून साहेबांनी तो लाकडी कपाटात ठेवायला सांगितलं, दोन दिवस बरं वाटलं आणि मग आवाज उलट वाढला. नवीन घ्यायचा ठराव व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत काय करता येईल?

उत्तर: सगळ्यात आधी कपाटातून बाहेर काढा, आजच. बंद कपाटात तीच गरम हवा फिरत राहते, आत तापमान चढतं, सर्व्हरला वाटतं अजून जोरात पंखे फिरवायला हवेत. आवाज वाढला तो त्यामुळेच. अशा सर्व्हरना साधारण ३५ अंशांपर्यंतची हवा चालते असं कंपन्याच लिहितात, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी ओलांडते, म्हणजे तो बिचारा आधीच मर्यादेच्या बाहेर काम करतोय. त्यात रविवारी ऑफिस बंद, एसी बंद, खिडक्या बंद.

आधी शांत होता आणि आता घुमतो याचा अर्थ मशीन बहुतेक ठीक आहे आणि धूळ साठलीय. संस्थेचं काम संपल्यावर, बॅकअप घेऊन, नीट शटडाउन करून, प्लग काढून, ज्याला येतं त्याच्याकडून उघडून साफ करून घ्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायला सांगा, हवेने ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटी बघा, बाहेरून साफ दिसतो आणि आत पंख्याखाली धुळीचा थर बसलेला असतो. इतक्या वर्षांत प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्टही वाळली असणार, ती बदलून घ्या, खर्च अगदी किरकोळ.

नंतरही आवाज राहिला तर तो कसला आहे ते ओळखा. घूं असा एकसारखा असेल तर हवेचा, म्हणजे अजून गरम होतंय. खरखर किंवा घासल्यासारखा असेल तर पंख्याचं बेअरिंग गेलंय, पंखा बदला, पण जोडणी बघूनच, कारण काही ब्रँडेड सर्व्हरमध्ये पंख्याचा कनेक्टर त्यांचा स्वतःचा असतो आणि बाजारातला साधा पंखा लावला की चालू होतानाच एरर दाखवून अडून बसतात. आणि टकटक, करकर असा थांबून थांबून येत असेल तर ती हार्ड डिस्क आहे, मग बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डेटाची कॉपी काढा. पतसंस्थेत लोकांच्या ठेवींचा हिशोब आहे त्या डिस्कवर, तिथे ठरावाची वाट बघत थांबू नये, नवीन डिस्कचा खर्च सचिवांच्या अधिकारात बसत असेल तर त्यातून करून घ्या.

अजून एक विचारा, मधल्या काळात कुणी त्यात नवीन कार्ड बसवलं का, नेटवर्कचं वगैरे. काही सर्व्हर स्वतःच्या कंपनीचं नसलेलं कार्ड दिसलं की त्याचं तापमान कळत नाही म्हणून पंखे कायम वरच्या वेगात ठेवतात. तसं असेल तर कार्ड काढून बघा, लगेच फरक कळेल.

प्रश्न: मी मडगावला आर्किटेक्ट आहे, मैत्रिणीबरोबर ऑफिस चालवते, एक ज्युनिअर पण आहे. ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल, साइटचे फोटो असं सगळं मिळून तीनेक टीबी झालंय आणि ते चार पोर्टेबल डिस्कवर विखुरलंय. सगळ्यांना एकाच जागी मिळेल असं काहीतरी हवंय. ऑफिस म्हणजे घराचाच एक भाग, खूप शांत आहे, त्यामुळे आवाज चालणारच नाही. कॉम्प्युटरचं डोकं आमच्यापैकी कुणालाच फार नाही.

उत्तर: ताई, तुम्हाला सर्व्हर नकोच आहे, तुम्हाला दोन डिस्कचा नॅस हवाय. नॅस म्हणजे फाइली ठेवायचाच छोटा डबा, राउटरला जोडायचा, ब्राउझरमधून सेट करायचा, स्क्रीन-कीबोर्ड काही नाही. सिनॉलॉजीचा डीएस२२४प्लस किंवा क्यूनॅपचा त्याच तोलाचा बघा. डीएस२२४प्लसमध्ये ९२ मिलिमीटरचा एकच पंखा आहे आणि तो हळू फिरतो, तिघांच्या फाइलींना पुरून उरतो. महत्त्वाचं म्हणजे त्यात स्नॅपशॉट घेता येतात, ड्रॉइंगवर चुकून दुसरं सेव्ह झालं तर सकाळची प्रत परत काढता येते, तुमच्या धंद्यात याची किंमत तुम्हाला मी सांगायला नको.

पण नॅसमध्ये आवाज पंख्याचा कमी आणि डिस्कचा जास्त असतो, आणि हेच दुकानात कुणी सांगत नाही. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची डिस्क ५,४०० वालीपेक्षा जास्त गुणगुणते आणि जास्त तापते. मोठ्या साइजच्या डिस्क, बारा-सोळा टीबीच्या, बहुतेक ७,२०० च्याच असतात. तुमचं तीन टीबी आहे तर सहा टीबीच्या आसपासच्या दोन ५,४०० वाल्या घ्या, दोन्ही एकमेकींची नक्कल ठेवतील. नॅससाठी म्हणून विकली जाणारी आणि सीएमआर पद्धतीचीच डिस्क मागा, म्हणजे जिच्यात डेटाच्या रेघा एकमेकींवर चढत नाहीत (एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या चढवलेल्या असतात). २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर पद्धतीच्या निघाल्या म्हणून जगभर आरडाओरडा झाला होता, एसएमआरमध्ये मागोमाग लिहायला घेतलं की वेग पडतो आणि एक डिस्क बदलून पुन्हा नक्कल करताना तासांचं काम दिवसांवर जातं. नंतर त्यांनी सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं, ती किंवा सीगेटची आयर्नवुल्फ घ्या, फेऱ्यांचा आकडा मात्र त्या त्या मॉडेलचा तपासून. आणि नॅस घेण्याआधी, ज्या कंपनीचा नॅस घेताय तिच्या साइटवर तुमची डिस्क चालणाऱ्या यादीत आहे का ते बघा.

लाकडी टेबलावर ठेवला तर डिस्कचं कंपन टेबलात उतरतं आणि टेबलच गुणगुणायला लागतं. खाली जाड रबराचा तुकडा टाका किंवा दगडी ओट्यावर ठेवा, पुष्कळ फरक पडतो. काहीच आवाज नको असेल तर दोन्ही जागी एसएसडी टाकता येतात, पण तीन टीबीच्या हिशोबात त्या महाग पडतात. निम्मा डेटा जुन्या संपलेल्या प्रोजेक्टचा असेल तर तो बाहेरच्या दोन डिस्कवर हलवा आणि चालू कामापुरत्या एसएसडी घ्या, तुमच्या शांत घराला मला हाच मार्ग जास्त आवडतो.

गोव्याच्या पावसात एक काळजी घ्या. जून ते सप्टेंबर नॅस बंद करून ठेवू नका, चालू मशीनची ऊब आत ओल धरू देत नाही. समुद्राची खारी हवा थेट येते त्या खिडकीपासून लांब ठेवा. पोर्टेबल डिस्क डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि वीज जाते-येते त्यासाठी छोटा यूपीएस हवाच. नॅस यूएसबीने यूपीएसला जोडला की वीज गेल्यावर तो स्वतः नीट बंद होतो.

प्रश्न: ठाण्यात माझी छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, आठ जण. मुलगा म्हणतो आता कोण सर्व्हर घेतं, सगळं क्लाउडवर टाका, आवाजही नाही आणि डोकेदुखीही नाही. बरोबर आहे का?

उत्तर: अर्धं बरोबर आहे. मेल, वर्ड-एक्सेल, रोजची देवाणघेवाण क्लाउडवर असावी, त्यासाठी ऑफिसात मशीन ठेवायची गरज नाही. अकाउंटिंगचं आणि जड फाइलींचं काम मात्र तुमचं इंटरनेट कसं आहे त्यावर आहे, डाउनलोड नाही, अपलोड बघा, आणि लाइन दिवसभर बंद पडली तर आठ जण काय करणार तेही ठरवा. टॅलीचा चालू डेटा फोल्डर गुगल ड्राइव्हसारख्या सेवेच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये मात्र कधी ठेवू नका, दोन जणांनी एकदम उघडलं की त्याच्या उलटसुलट प्रती होतात. क्लाउडवर टॅली चालवायचं असेल तर ते रिमोट सर्व्हरवर चालवून देणारे असतात, त्यांच्याकडून घ्या आणि दर महिन्याचं भाडं पाच वर्षांना गुणून बघा.

तुमची कंपनी आहे म्हणून कायद्याचं सांगतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कंपनी अकाउंट्सच्या नियमात बदल झाला, इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर, आणि तो रोजच्या रोज, असायला हवा. कंपनी कायद्यानुसार वह्या आठ वर्षं जपायच्या. आणि १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय कधी बदललं याची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, बंद न करता येणारी असावी लागते. क्लाउडवाल्याला विचारा की डेटा नेमका कुठल्या देशात बसतो, आणि उत्तर लेखी घ्या. बिनआवाजाचा मिनी पीसी ऑफिसात, रोजचा बॅकअप भारतातल्या क्लाउडवर, हे दोन्ही एकत्र ठेवलं तर मुलाचंही समाधान होईल आणि ऑडिटरचंही.

प्रश्न: आमच्या साताऱ्याच्या ऑफिसात एक जुना लॅपटॉप पडून आहे, आठव्या जनरेशनचा आय५. त्यालाच सर्व्हर केला तर? आम्ही चौघंच आहोत आणि पैसे खरंच नाहीत.

उत्तर: करा. चौघांना आरामात चालेल, आवाज नगण्य, वीज कमी, आणि बॅटरी आत असल्यामुळे वीज गेली तरी तो बंद पडत नाही. राउटर आणि स्विच मात्र छोट्या यूपीएसवर घ्या, नाहीतर लॅपटॉप चालू आणि नेटवर्क बंद असं होईल. नेटवर्क केबलचा पोर्ट नसेल तर यूएसबीचा गिगाबिट ॲडॉप्टर घ्या, वायफायवर नका ठेवू. झाकण लावलं तरी झोपू नये ही सेटिंग करा, पण झाकण थोडं उघडंच ठेवलेलं बरं, बऱ्याच लॅपटॉपची गरम हवा कीबोर्ड आणि बिजागरीच्या फटीतून निघते. जुनी फिरती डिस्क असेल तर एसएसडी टाका, आणि बॅकअपचं सांगलीच्या उत्तरात लिहिलंय तसंच, त्यात चौघं आहात म्हणून सूट नाही.

बॅटरीकडे मात्र लक्ष ठेवा. वर्षभर शंभर टक्के चार्जवर गरम राहिलेली बॅटरी फुगते. लेनोवो, डेल, एचपी, आसूस यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये चार्जिंग साठ किंवा ऐंशी टक्क्यांना थांबवायची सोय असते, ती आधी शोधून चालू करा. टचपॅड वर आलेला दिसला, खालचं कव्हर बसेनासं झालं किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला तर त्याच दिवशी बंद करून बॅटरी काढून घ्या, आणि ती कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.